दऱ्या आणि दर्या : इंटरनेटच्या नामव्यवस्थेत मराठी अक्षराला जागा कशी मिळाली

(थ्रेड)

१/२१
कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाणे लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी एक भग्न शिल्प आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत कोरलेली एक ओळ. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा आशय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाने आपले आणि आपल्या गुरूचे नाव आपल्या भाषेत, आपल्या लिपीत दगडावर ठेवले. ते आजही वाचता येते.

२/२१
त्याच खोऱ्यातल्या गावांना आपले नाव इंटरनेटवरच्या पत्त्यात स्वतःच्या लिपीत लिहिता यावे, यासाठी मात्र २०१४ साल उजाडावे लागले. पुढे ज्या समितीने देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांचे नियम जगाच्या मूळ यादीसाठी तयार केले, तिचे नाव होते ‘नव-ब्राह्मी समिती’. बलकाच्या अक्षरांपासून या समितीपर्यंतच्या वाटेवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : नाव ज्याचे, त्याला ते कसे लिहायचे हे ठरवण्याचा अधिकार आहे का?

३/२१
या भागात तो प्रश्न पहिल्यांदा रेल्वेने आणला. १२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आजच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीपर्यंत पोहोचला. बोरघाट अजून फोडायचा होता. खंडाळा ते पुणे हा वरचा टप्पा १८५८ मध्ये सुरू झाला आणि मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून ओलांडत. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत खोपोलीचे नाव ‘कॅम्पूली’ असे आढळते.

४/२१
कॅम्पूली हे कोणी मुद्दाम केलेले विडंबन नव्हते. साहेबाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याच्या लिपीत उतरले आणि वेळापत्रकात छापले गेले. एकदा छापले की तेच अधिकृत. इतिहासात नोंदवह्यांचे बळ असे असते. वहीत ज्या अक्षरांना जागा असते तीच नावे टिकतात. बाकीच्यांना वहीच्या मापात बसावे लागते.

५/२१
प्रशासनाच्या वहीत या भूभागाचा पत्ताही बदलत गेला. कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, मग ते कुलाबा जिल्ह्यात आले. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. मराठी वाचकाला ‘रायगड’ आणि छत्तीसगडमधील ‘रायगढ’ यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. शेवटचे अक्षरच वेगळे आहे. पण २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत या दोन्ही जिल्ह्यांचे स्पेलिंग एकच आहे.

६/२१
तीच गत ‘ळ’ची. नेरळ रोमन लिपीत लिहिले की परका प्रवासी ते ‘नेरल’ वाचतो. कर्जत-खोपोली मार्गावरची पळसदरी कधी ‘पलसदरी’ होते, कधी ‘पलसधरी’. ज्या नावात पळसाचे झाड आणि सह्याद्रीची दरी दोन्ही स्पष्ट दिसतात, त्या नावाचा अर्थच रोमन अक्षरांत पुसला जातो. स्थानकाच्या पाटीवर निदान मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन ओळी असतात. इंटरनेटच्या पत्त्यात ओळ एकच.

७/२१
ती एक ओळ कशी ठरली? सुरुवातीला संगणकांच्या जाळ्यातील सगळ्या यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये असत आणि ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. यंत्रे वाढली, फाइल अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ मांडली. एकच यादी सगळ्यांनी बाळगण्याऐवजी नावांचे झाड करायचे : वर मूळ, त्याखाली मोठ्या फांद्या, त्याखाली लहान फांद्या. प्रत्येक फांदीचा हिशेब तिच्या राखणदाराने ठेवायचा.

८/२१
या झाडावरील नावांसाठी रूढ झालेली चिन्हे होती सदतीस : रोमन वर्णमालेतील २६ अक्षरे, १० अंक आणि एक जोडरेषा. त्या काळी सर्व यंत्रांना निश्चित समजेल असा तेवढाच समान संच होता. मोजक्या विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची ती सोय होती. पुढे हे जाळे जगभर पसरले आणि मूठभरांची सोय बाकीच्या सगळ्यांसाठी कायदा होऊन बसली.

९/२१
भारताची फांदी १९८९ मध्ये फुटली. ‘डॉट इन’चा कारभार पुढे मुंबईत जुहू येथील ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या संस्थेकडे होता. नाव मिळवण्याचे नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावांची नोंद झाली. २००५ च्या आरंभी कारभार ‘निक्सी’ या संस्थेकडे गेला, नियम सैल झाले आणि नोंदणी झपाट्याने वाढली. राखणदाराच्या एका निर्णयाने वापरणाऱ्यांचे जग कसे बदलते, याचा हा घरचाच दाखला.

१०/२१
झाडाच्या मुळाशी बराच काळ एकच माणूस होता : जॉन पोस्टेल. कोणत्या देशाला कोणती दोन अक्षरे द्यायची, हा वादाचा विषय त्यांनी स्वतःकडे घेतलाच नाही. देश कोणता हे आपण ठरवायचे नाही, आंतरराष्ट्रीय मानक यादीत जे आहे ते घ्यायचे, असे धोरण त्यांनी १९९४ मध्ये लिहून ठेवले. धोरण शहाणपणाचे होते. पण त्या यादीतले प्रत्येक संक्षिप्त नाव रोमन अक्षरांतच होते.

११/२१
१९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली आणि नावांचा कारभार तिच्याकडे आला. वर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचा करार होताच. संस्था साऱ्या जगासाठी, मग साऱ्या जगातील वापरकर्त्यांचे म्हणणे तिथे कोण मांडणार? उत्तर म्हणून एक धाडसी प्रयोग झाला. २००० साली इंटरनेटवर थेट मतदान घेऊन जगाच्या पाच विभागांतून प्रत्येकी एक असे पाच संचालक निवडण्यात आले. मूळ आराखड्यात अशा नऊ जागा होत्या. मतदान केले सुमारे ३४ हजार जणांनी.

१२/२१
आशिया-प्रशांत विभागातून जपानचे मासानोबू कातो निवडून आले. चीन, भारत, जपान, अरबस्तान, इंडोनेशिया या साऱ्यांच्या मिळून शेकडो भाषा, डझनावारी लिप्या आणि प्रतिनिधी एक. प्रयोग पुन्हा झाला नाही. २००२ च्या फेररचनेत थेट निवडणूक बंद झाली आणि वापरकर्त्यांसाठी एक सल्लागार समिती उरली. तिला मंडळावर मताचा अधिकार असलेला एक संचालक निवडण्याची मुभा २०१० मध्ये मिळाली. खुर्चीच्या वाटेने मिळालेले प्रतिनिधित्व असे तोकडे राहिले.

१३/२१
अक्षरांची वाट वेगळीकडून निघाली. १९९६ मध्ये मार्टिन ड्यूर्स्ट यांनी रोमनेतर लिप्यांतील नावांचा प्रस्ताव मांडला. १९९८ च्या सुमारास सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात तान तिन वी यांच्या गटाने तो चालवून दाखवला. २००३ मध्ये मानक आले. युक्ती अशी की जुने झाड तोडायचे नाही. माणसाने आपल्या लिपीत लिहावे आणि यंत्राने त्याचे पडद्यामागे रोमन सांकेतिक रूप करावे. ‘भारत’ या शब्दाचे असे रूप ‘एक्स-एन’ आणि दोन जोडरेषांनी सुरू होते. ते वाचून कोणाला भारत आठवणार नाही, पण यंत्राचे काम भागते.

१४/२१
मराठीची खरी अडचण इथे सुरू झाली. मराठीत ‘र’ची दोन जोडरूपे आहेत : अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार आणि ‘य’ किंवा ‘ह’ला समोरून जोडला जाणारा बाकदार अर्धा र. दर्या म्हणजे समुद्र; दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना बोलावले तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावले तर पंगत उठेल. उच्चारातही फरक आहे : ‘दर्या’त आधीच्या अक्षरावर जोर पडतो, ‘दऱ्या’त पडत नाही.

१५/२१
युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि मग न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. २००३ च्या मानकात मात्र अशी अदृश्य चिन्हे नावातून गाळून टाकण्याची तरतूद होती. त्यामुळे दुसऱ्या रीतीने ‘दऱ्या’ लिहिले की यंत्र मुकाट्याने त्याचा ‘दर्या’ करी. डोंगराचा समुद्र झाला तरी लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे.

१६/२१
कर्जत-खालापूरच्या भूमीत हा बारकावा पुस्तकी नाही. या थ्रेडच्या पहिल्याच वाक्यात ‘खोऱ्यात’ आले आहे. शेतकरी म्हटले की पुढे शेतकऱ्यांचा, शेतकऱ्यांना येणारच. पूर्वी खैराच्या झाडापासून कात पाडणारा कातकरी समाज या डोंगरपट्ट्यात राहतो. त्याची वाडी ‘कातकऱ्यांची’, तिथली शाळा ‘कातकऱ्यांच्या’ मुलांची. एखाद्या संस्थेला हे शब्द आपल्या नावात हवे असतील आणि नामव्यवस्था ते अक्षर स्वीकारत नसेल, तर त्या संस्थेने नाव बदलायचे की समाजाचे व्याकरण?

१७/२१
उणीव एकट्या मराठीची नव्हती; अदृश्य चिन्हांवाचून अर्थ बदलणाऱ्या भाषा आणखीही होत्या. ऑगस्ट २०१० मध्ये सुधारित मानक प्रसिद्ध झाले आणि हलन्तानंतर जोडचिन्ह वापरण्यास सशर्त मान्यता मिळाली. दरम्यान ऑक्टोबर २००९ मध्ये आयकॅनने सोल येथील बैठकीत देशांची नावे स्थानिक लिपीत देण्याचा जलद मार्ग मंजूर केला होता. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीची अरबी नावे मुळात दाखल झाली. २०११ मध्ये भारताची सात लिप्यांतील नावे आली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ नोंदणीसाठी खुले झाले : हिंदी, मराठी, कोंकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी या आठ भाषांसाठी.

१८/२१
एक लिपी, आठ भाषा. इथेच जाणकारांची कसोटी होती. हिंदी लिहिणाऱ्याला ‘ऱ्य’ची गरज पडत नाही, मराठीला तो रोज लागतो. ‘.भारत’खालील नावांच्या धोरणावर पुण्याच्या सी-डॅकमधील भाषातंत्रज्ञांनी काम केले. पुढे मूळ यादीसाठी नव-ब्राह्मी समिती बसली. अजय डेटा, सी-डॅकचे महेश कुलकर्णी आणि भाषाशास्त्रज्ञ उदयनारायण सिंह हे तिचे सहअध्यक्ष. मूळ यादीत सुरक्षिततेसाठी अदृश्य चिन्हांना मुळीच थारा नाही. म्हणून ‘ऱ’ आणि हलन्त यांच्या मार्गाने हे जोडाक्षर लिहिण्याची सोय देवनागरीच्या नियमांत ठेवावी लागली. जुलै २०१९ मध्ये देवनागरीचे नियम मूळ यादीच्या नियमावलीत समाविष्ट झाले.

१९/२१
या काळात वरचा कारभारही बदलला. अमेरिकी सरकारचा करार ३० सप्टेंबर २०१६ रोजी संपला आणि त्यानंतरची आयकॅनची पहिली मोठी बैठक नोव्हेंबरमध्ये हैदराबादला भरली. त्या घटनेची चर्चा पुष्कळ झाली. अर्ध्या र-ची फारशी झाली नाही. पण वापरकर्त्याच्या बाजूने पाहिले तर दुसरी घटना कमी मोलाची नाही. पाच खुर्च्यांच्या निवडणुकीने जे साधले नाही, ते भाषा जाणणाऱ्यांनी नियमाचा मसुदा स्वतः लिहिला तेव्हा साधले. कारभार लोकाभिमुख होतो तो लोकांचे ज्ञान नियमात उतरते तेव्हा.

२०/२१
काम पुरे झाले असे मात्र नाही. या झाडावर एक नाव एकालाच मिळते. महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत, एक रायगडात आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यात. एसटीच्या पाटीवर ‘मार्गे’ लिहून वाट काढता येते. डोमेनच्या वहीत जो आधी पोहोचला त्याचे नाव. शिवाय नाव नोंदले तरी ते चालले पाहिजे. आजही अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरीतला ईमेल पत्ता ‘चुकीचा’ म्हणून परत करतात. २८ मार्च २०२३ पासून ‘सार्वत्रिक स्वीकृती दिन’ पाळला जातो, तो याच अडचणीसाठी.

२१/२१
रायगड जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर आत मराठी मजकूर आहे; वरचा पत्ता रोमन आहे. सातबारा मराठीत निघतो, तो जिथून काढायचा तो पत्ता रोमन. कोंढाण्याच्या बलकाला आपले नाव कोरताना कोणाचे मानक पाहावे लागले नाही. आजच्या कातकऱ्यांच्या पोराला आपल्या वाडीचे नाव लिहायचे असेल, तर त्यासाठी लागणारे अक्षर आता नियमात आहे. ते अक्षर शासनाच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या पत्त्यात कधी उतरते, हे ठरवणारे कॅलिफोर्नियात नाहीत. ते मुंबईत, अलिबागेत आणि कर्जत-खालापुरातच आहेत.

(समाप्त)
#इतिहास #मराठी #देवनागरी #कर्जत #खालापूर